बेट्टदपुरची सायकल
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून एखाद्या भारदस्त विषयावर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आम्ही मात्र सात वर्षांच्या एका मुलाच्या सायकलीविषयी बोलणार आहोत. येथील 'आम्ही' हे वक्त्याचे आदरार्थी बहुवचन नव्हे. हकीकत आम्हां उभयतांची आहे, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या साक्षीदार बाईंनी भाषणाचा कच्चा खर्डा दोनदा तपासला आहे, म्हणून हे बहुवचन.

सन १९८४ मध्ये बँकेच्या नोकरीतील बदलीमुळे आम्ही बेट्टदपुरास गेलो. म्हैसूर जिल्ह्याच्या पिरियापट्टण तालुक्यातील हे गाव. 'बेट्ट' म्हणजे डोंगर. गाव त्याच्या पायथ्याशी, आणि माथ्यावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे देऊळ. 'सिडिलु' म्हणजे कोसळणारी वीज. अशा नावाचा देव डोक्यावर असलेल्या गावी मूल घेऊन राहायला जाताना मनात किंचित चर्र झाले होते, हे कबूल केले पाहिजे. भोवती तंबाखूची शेते. पावसाळ्यात पाने खुडून भट्ट्यांत वाळवू लागले की एक उबदार, गोडसर वास दिवसेंदिवस गावावर रेंगाळत असे. आजही कोठे तसा वास आला की आम्हांला तंबाखू आठवत नाही, सायकल आठवते.

मराठी घर आमचे एकटेच. त्यामुळे मुलाच्या मराठीविषयी आम्ही फार जागरूक होतो. किंबहुना गरजेपेक्षा अधिक. 'किशोर' मासिक टपालाने येई, त्यातली दोन पाने रोज मोठ्याने वाचणे सक्तीचे. उंबरठ्याच्या आत कन्नड शब्द आला की तो पुन्हा मराठीत म्हणायचा. शेजारी संकेती ब्राह्मणांचे घर होते. हे लोक कित्येक शतकांपूर्वी तमिळ प्रदेशातील शेंकोट्टैच्या बाजूने इकडे आले. त्यांच्यातील एका शाखेला बेट्टदपुर संकेती असेच नाव आहे. तमिळ, मल्याळम आणि कन्नड यांचे धागे असलेली त्यांची संकेती बोली आजही घराघरांत टिकून आहे. तिला स्वतःची लिपी नाही. शेजारच्या आजीबाई नातवंडांशी संकेती बोलत, दारात आलेल्या माणसाशी कन्नड, आणि या दोहोंमध्ये त्यांना उंबरठा कधी लागलाच नाही. आम्ही हे रोज पाहत होतो आणि त्यातून काहीही शिकत नव्हतो.

आता सायकलीकडे वळू. बसथांब्याजवळ तासाच्या भाड्याने सायकली देणारे एक दुकान होते. त्यात लहान मुलाच्या मापाची सायकल एकच. रविवारी सकाळी ती मिळवायची, डोंगराकडे जाणाऱ्या सपाट रस्त्यावर न्यायची आणि मुलाला बसवून आमच्यापैकी एकाने एका हाताने हँडल व दुसऱ्या हाताने कॅरियर धरून पळायचे, असा क्रम. तोंडाने सूचना अखंड चालू: ताठ बस, समोर बघ, पायडल मार, वाकू नकोस. पाच रविवार गेले. मुलाला काही येईना.

दोष मुलाचा नव्हता, हे आज ठाऊक आहे. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवले की चाके पडणाऱ्या भाराखाली येतात आणि ती सावरते. सायकलस्वार हे क्षणोक्षणी करीत असतो आणि करतो आहे हे त्याला कळतही नाही. हँडल दुसऱ्याने घट्ट धरले तर ती एक गोष्टच शिकणाऱ्याला करता येत नाही. चाकांच्या भोवऱ्यासारख्या फिरण्यामुळेच सायकल उभी राहते, असे आमच्या पिढीला सांगितले जाई. सन २०११ मध्ये संशोधकांनी तो परिणाम मुद्दाम नाहीसा करून बनवलेली सायकलही ढकलून दिल्यावर आपली आपण सावरते, हे दाखवून दिले. मुलाला धरायचेच तर खांद्यांना धरावे, सायकलीला नव्हे. याहून चांगले म्हणजे दोन्ही पायडले काढून टाकावीत (डावे पायडल उलट्या आट्यांचे असते, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सुटते, आम्ही एकदा ते उलटे पिळून पाना मोडला आहे), बैठक पाय टेकतील इतकी खाली करावी आणि मुलाला पायांनी ढकलत थोड्या उतारावर हिंडू द्यावे. तोल आला की पायडले परत लावावीत. यात नवे काहीच नाही. सन १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल ड्रायस यांनी सायकलीचा जो पूर्वज बनवला, त्याला पायडल नव्हतेच.

सायकल शिकवणे ही एके काळी पैसे मोजून घेण्याची विद्या होती. सन १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलीचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामूअण्णा त्या विकत, आणि चालवायला शिकवण्याची फी पंधरा रुपये असे. पुढे नांगर, पंप आणि किर्लोस्करवाडी उभी करणाऱ्या घराण्याचा आरंभ असा दुचाकीवर झाला. त्यांचे विद्यार्थी आमच्या मुलापेक्षा सुदैवी असावेत, कारण शिकवणारा त्यांचा बाप नव्हता.

सहाव्या रविवारी मुलगा पडला. कोपर सोलवटले, ओठ फुटला. तो रडू लागला आणि आमच्यापैकी एकाच्या तोंडून, कोणाच्या ते सांगण्याची मुभा साक्षीदार बाईंनी दिली आहे, म्हणजे आमच्याच, "घाबरट आहेस तू," असे शब्द गेले. रस्त्यावर चारपाच मुले उभी होती. त्यांना मराठी कळत नव्हते. सूर मात्र कळला.

त्यानंतर त्याने सायकलीचे नाव काढले नाही. घरात विचारले तेवढ्याचे उत्तर देई, शुद्ध मराठीत. दीडएक महिना असा गेला. एका रात्री ही म्हणाली, "त्याच्याशी दिवसभरात आपण काय बोलतो, ते आज मी मोजलं. ऊठ, दात घास, वाच, नीट वाच, झोप." आम्ही निरुत्तर झालो. हट्टाने जपलेली भाषा त्या घरात हुकुमांपुरती उरली होती. हसणे, भांडणे, गुपिते, सारे उंबरठ्याबाहेर कन्नडमध्ये चालले होते.

एके दिवशी संध्याकाळी बँकेतून परतताना शेजारच्या घरामागून आरडाओरडा ऐकू आला. शेजाऱ्यांची मोठी, बावीस इंची काळी सायकल. आमचा मुलगा तिच्या दांडीखालून उजवा पाय पलीकडच्या पायडलवर घालून, डाव्या हाताने हँडल आणि उजव्या काखेत बैठक धरून, हाफ पायडल मारीत होता. सायकल एकीकडे कललेली, मुलगा दुसरीकडे लोंबकळणारा. मागे शेजारचा दहा वर्षांचा मुलगा कॅरियरला नुसती बोटे लावून धावत होता. "मुंदे नोडु, तुळि, तुळि!" पुढे बघ, मार पायडल. आमच्याच सूचना, पण त्यांना उत्तर मिळत होते. आमचा मुलगा ओरडत होता, "बिडबेड! बिडबेड!" सोडू नकोस. मग वळणाशी आवाज बदलला: "बिडु!" सोड. त्या मुलाने हात काढला, आणि सायकल थेट आमच्या दिशेने आली.

आम्ही बाजूला झालो. तो पुढे जाऊन एका गवताच्या गंजीत शिरला, उठला, आणि आम्हांला पाहून गप्प उभा राहिला. उंबरठ्याचा नियम त्या क्षणी आम्हां दोघांच्याही मनात असावा. काय बोलावे ते सुचेना. शेवटी आम्ही म्हणालो, "मलाही शिकवशील, तसं एका बाजूनं?" आम्हांला खरोखरच ते येत नव्हते. त्या अंधारात एक बँक अधिकारी धोतर खोचून दांडीखालून पाय घालीत होता आणि त्याचा मुलगा कॅरियर धरून धावत होता. आम्ही घाबरून "बिडु, बिडु" म्हणालो. तेव्हा ओट्यावरच्या आजीबाई खो-खो हसून म्हणाल्या की हा शिकवतो आहे, म्हणजे गुरू. गुरूला 'बिडु' म्हणू नये, 'बिडि' म्हणावे. मुलाने हे आम्हांला मराठीत समजावून सांगितले. पुष्कळ दिवसांनी तो आपण होऊन, न विचारता बोलत होता.

'किशोर' त्यानंतरही येत राहिला. मोठ्याने वाचण्याची सक्ती गेली. वाचताना मधूनच तो एखाद्या चित्रावर कन्नडमध्ये काही बोले, आणि आम्ही मराठीत उत्तर देत असू.

तो मुलगा आज कॅनडात असतो. गेल्या उन्हाळ्यात रविवारी रात्री त्याने दूरध्वनीवरून चित्रासह आम्हांला त्याच्या मुलीची सायकल दाखवली. पायडले काढलेली होती, ती त्याच दिवशी परत लावली होती. त्याने उपकरण एका बाकावर टेकवून ठेवले आणि तिच्या खांद्यांना धरून धावू लागला. दोघे चौकटीच्या बाहेर गेले. आम्हांला रिकामा रस्ता आणि एक झाड दिसत होते. दुरून तिचे ओरडणे ऐकू आले, एकच शब्द, आणि वाऱ्यात तो नीट कळला नाही. तो धापा टाकत परतला तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच विचारले, ती काय म्हणाली.

"कोण जाणे," तो म्हणाला. "मी धावत होतो."