कॉफी उकळू नका, उतरू द्या

आपल्याकडे पुष्कळ घरांत कॉफी म्हणजे दुधात पूड आणि साखर घालून काढलेली उकळी, वर किसलेलं जायफळ. जायफळ जरूर असू द्या. उकळी मात्र टाळा, एवढंच आज सांगायचं आहे.

गरम पाणी पुडीवर पडलं की आधी तिची आंबटगोड चव उतरते, कडू-तुरट अंश मागाहून येतात. पूड उकळत राहिली की सुवास वाफेबरोबर उडतो आणि कडवटपणा तेवढा कपात उरतो.

दक्षिणेतल्या घरांनी यावर साधा, सुंदर उपाय शोधला आहे. तिथला फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी पितळेची किंवा स्टीलची दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोकं. त्यात दोघांसाठी तीन मोठे चमचे पूड घाला आणि सोबतच्या चकतीनं हलकेच सपाट करा. फार दाबलीत तर पाणी अडेल. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून मिनिटभर थांबा. ९० ते ९५ अंशांचं पाणी उत्तम. आधी थोडं ओतून पूड भिजू द्या, मग उरलेलं ओता. एकूण १५० मिलिलिटर पुरे. झाकण ठेवा. १५-२० मिनिटांत खाली दाट डिकॉक्शन जमतं. ते पुन्हा तापवू नका. कडकडीत दूधच त्यात ओता.

आता पुडीविषयी. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीची भाजून दळलेली मुळं. ती रंग आणि दाटपणा देते, कॉफीचा सुवास देत नाही. नियमाप्रमाणे मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी; म्हणजे पुडक्यात जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते. तेव्हा प्रमाण वाचून घ्या. ८० टक्के कॉफीपासून सुरुवात करून पाहा. माटुंग्यासारख्या ठिकाणी डोळ्यांदेखत दळून देणारी दुकानं आहेत. तिथून पंधरवड्यापुरतीच आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. हवा आणि दमट पावसाळा तिचा वास लवकर घालवतात.

देशातली बहुतेक कॉफी आपल्या शेजारच्या कर्नाटकात, चिकमंगळूर-कोडगूच्या डोंगरांत पिकते. झाडावरची फळं एकदम पिकत नाहीत. मळ्यातल्या बायका पुन्हा पुन्हा फिरून पिकलेली तेवढी हातानं खुडतात. एवढ्या मेहनतीनं आलेल्या दाण्याला आपण स्वयंपाकघरात वीस मिनिटं द्यायलाच हवीत.