साइडकारचं तिसरं चाक: पार्ट कसे जमवायचे?

साइडकार म्हटलं की आपल्याला १९७५ सालच्या 'शोले'मधली जय-वीरूची बीएसए आठवते. माझ्या बुलेटची साइडकार मात्र आईसाठी आहे. तिचे गुडघे धरतात, मागच्या सीटवर बसणं जमत नाही. आरटीओची परवानगी घेऊन ती आरसीवर चढवलेली आहे.

यंदा सर्व्हिसिंगला तिसऱ्या चाकाचे ३ स्पोक वाकाजवळ तुटलेले निघाले, रिंग आतून गंजलेली. म्हणजे चाक नव्यानेच बांधायचं.

पुण्यात नाना पेठेत फिरलो, तर बहुतेक ठिकाणी सल्ला एकच : "बुलेटचं पुढचं चाक टाका की!" थांबा. बाईक वळताना झुकते, त्यामुळे जोर बराचसा चाकाच्या रेषेतच राहतो. साइडकार झुकत नाही. आपल्याकडे ती डावीकडे असते, म्हणजे गाडी उजवीकडे वळली की सगळा भार तिसऱ्या चाकावर, आणि तोही आडवा. शिवाय माझ्या साइडकारचा अॅक्सल एकाच बाजूने धरलेला आहे. दिसायला बाईकचं चाक, पण काम मोटारीच्या चाकाचं! म्हणून पार्ट शोधताना क्रम महत्त्वाचा.

पहिला हब. तो अॅक्सलला बसायला हवा, बाकी सगळं त्यावर ठरतं. जुना हब धड असेल तर तोच ठेवा. स्पोकची भोकं लांबट झालीत का, कडेला तडा आहे का, ते बघा. बेअरिंगसाठी गाडीचं मॉडेल सांगत बसू नका, बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचा. ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिमी, बाहेरचा व्यास ४०, रुंदी १२. कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळेल.

दुसरी रिंग. आधी हबची भोकं मोजा, रिंगलाही तेवढीच हवीत. माझ्याकडे ४० आहेत. जुन्या रिंगवर 'डब्ल्यूएम २' लिहिलेलं असतं आणि नव्यावर '१.८५'. गोंधळू नका, रुंदी तीच, इंचात. पण नुसता आकडा जुळून भागत नाही. रिंगची भोकं हबच्या दिशेने तिरकी पाडलेली असतात. मोठ्या ड्रमसाठी पाडलेली रिंग लहान हबला लावली की निपल वाकडा बसतो आणि स्पोक आट्यांपाशी तुटतो. दुकानातच एक स्पोक घालून बघा, तो सरळ हबकडे जायला हवा.

स्पोक सगळ्यात शेवटी. हब आणि रिंग हातात आल्याशिवाय घेऊच नका. आतले आणि बाहेरचे स्पोक वेगळे असू शकतात. एका बाजूला ड्रम असेल तर लांबीही बदलते. वाकाच्या आतल्या कडेपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजा. निपल स्पोकच्याच सेटमधले घ्या, कारण आटे जुळायला हवेत. आणि जुनं चाक खोलण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक प्रकारचा एकेक स्पोक नमुना म्हणून ठेवा. मिस्त्रीला जाळी कशी होती ते सांगावं लागत नाही.

चाक बांधणं मात्र रिंग बांधणाऱ्या मिस्त्रीकडेच. 'आऊट' काढताना शेजारी उभे राहा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये २ मिमी ही शेवटची मर्यादा असते, नवं चाक त्याच्या बरंच आत हवं. निपलबाहेर आलेली स्पोकची टोकं घासून घ्या, वर रिंगपट्टी लावा, नाहीतर ट्यूब गेलीच समजा. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पान्याने एकेक स्पोक वाजवा. 'टण्ण' आला तर ठीक, 'भद्द' आला तर तो सैल आहे, परत मिस्त्रीकडे.

जुन्या बाजारात चमकणारं तयार चाक स्वस्तात मिळेलही. घेण्याआधी एवढंच विचारा, उजव्या वळणावर या चाकावर कोण बसलेलं असणार आहे?

तुमच्या गावात रिंग बांधणारा चांगला मिस्त्री असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!