देवीकुळम : मत मळ्यातील, छप्पर कंपनीचे
(राजकीय अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

विधानसभा मतदारसंघाचा इतिहास म्हणजे विजयी उमेदवारांची यादी आणि मतांचे आकडे, अशी सर्वसाधारण समजूत असते. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील देवीकुळम मतदारसंघाच्या बाबतीत ती अपुरी पडते. येथे निवडून आलेल्या कम्युनिस्ट उमेदवाराची निवड दोनदा रद्दबातल ठरविण्यात आली. पहिल्या वेळी मळ्यांतील मतदारांनी तो निर्णय फिरविला, दुसऱ्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने. या दोन प्रसंगांत सहा दशकांहून अधिक अंतर आहे. परंतु येथील बहुसंख्य श्रमिक ज्या भूमीवर राबतो तेथील तो कोण, हा प्रश्न या साऱ्या काळात सुटलेला नाही.

त्याचे मूळ चहाच्या मळ्यांत आहे. 11 जुलै 1877 रोजी पूंजारच्या राजाने कण्णन देवन डोंगराचा प्रदेश जे. डी. मन्रो या इंग्रज गृहस्थाला सवलतीच्या कराराने दिला. पुढे तेथे चहा पिकू लागला आणि पाने खुडण्यासाठी तमिळ प्रदेशातून मजूर आणले गेले. त्यांना आणणारा मुकादम 'कंगाणी' म्हणून ओळखला जाई. आगाऊ रक्कम देऊन तो कुटुंबेच्या कुटुंबे बांधून घेई. मजुरांना राहावयास मिळाल्या त्या एकाला एक लागून असलेल्या खोल्यांच्या रांगा. त्यांना 'लायम' म्हणतात.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. कन्याकुमारीकडील तमिळभाषी तालुके मद्रास राज्यात गेले; देवीकुळम व पीरुमेडू हे तालुके, तमिळ मजुरांची वस्ती मोठी असूनही, केरळात राहिले. सीमेवरील माणसाच्या वाट्याला काय येते, हे बेळगावचा प्रश्न जाणणाऱ्या मराठी वाचकांस वेगळे सांगावयास नको.

या पार्श्वभूमीवर 1957 ची निवडणूक झाली. देवीकुळम तेव्हा द्विसदस्य मतदारसंघ होता. त्यातील एका जागेवर कम्युनिस्ट पक्षाच्या रोसम्मा पुन्नूस निवडून आल्या. केरळ विधानसभेत सदस्यत्वाची पहिली शपथ त्यांनी घेतली आणि हंगामी सभापती म्हणून कामही पाहिले. निर्वाचित 126 जागांपैकी पक्षाच्या 60 आणि पाठिंबा देणारे 5 अपक्ष, एवढ्या बळावर ई. एम. एस. नंबूदिरिपाद यांचे मंत्रिमंडळ उभे होते. निम्म्याहून अवघ्या दोन जागा अधिक! एका प्रतिस्पर्ध्याचा उमेदवारी अर्ज अयोग्य रीतीने फेटाळला गेला, या कारणावरून ही निवड रद्द झाली, तेव्हा पोटनिवडणुकीचे महत्त्व साऱ्या देशाच्या ध्यानी आले.

मे 1958 मधील त्या पोटनिवडणुकीत काँग्रेसने कामगारांतील आपले नेते बी. के. नायर यांना उभे केले. लढत थेट मळ्यांत झाली. डोंगरापलीकडील पण्णैपुरम गावचे पावलर वरदराजन मजुरांच्याच भाषेत गाणी गात लायमांमधून फिरले. त्यांच्यासोबत गाणारा धाकटा भाऊ पुढे इळयराजा या नावाने संगीतकार म्हणून प्रसिद्धीस आला. रोसम्मा सात हजारांहून अधिक मतांनी विजयी झाल्या. ज्यांना उपरे म्हटले जात होते, त्यांनी एका राज्याचे सरकार सावरले होते.

मात्र इतिहास येथेच थांबवून टाळ्या घेणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात मळेकामगारांचा संप चालू असता मुन्नार येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि दोन कामगार मृत्युमुखी पडले. सरकार तेच होते, ज्याला या कामगारांनी पाच महिन्यांपूर्वी मते दिली होती. मत मिळविणे आणि मतदाराचे रक्षण करणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. दुसरीत अपयश आले, याची नोंद पहिलीच्या यशाशेजारीच केली पाहिजे.

पुढील काळात मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि पारडे दोन्हीकडे झुकत राहिले. 1987 मध्ये मार्क्सवादी पक्षाचे सुंदरमाणिक्कम जिंकले. 1991, 1996 आणि 2001 अशा सलग तीन निवडणुका काँग्रेसचे ए. के. मणी यांनी जिंकल्या. 2006, 2011 आणि 2016 मध्ये मार्क्सवादी पक्षाचे एस. राजेंद्रन विजयी झाले. हा मळा कोणाही पक्षाची वतनदारी नव्हता.

सप्टेंबर 2015 मध्ये हे अधिक स्पष्ट झाले. कंपनीने बोनस वीस टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आणताच हजारो स्त्री-कामगार मुन्नारच्या रस्त्यावर बसल्या. 'पेंबिळै ओरुमै', म्हणजे स्त्रियांची एकजूट, हे त्यांनी घेतलेले नाव. पाठीवर टोपली वाहणाऱ्या या स्त्रियांनी प्रस्थापित युनियनांच्या पुढाऱ्यांना, त्या कोणत्याही झेंड्याच्या असोत, दूर ठेवले. स्थानिक आमदारांनाही जवळ केले नाही. व्ही. एस. अच्युतानंदन मात्र त्यांच्यात जाऊन बसू शकले. नऊ दिवसांनी बोनस आणि सानुग्रह रक्कम मिळून वीस टक्के पदरात पडले. त्यानंतरच्या लढ्याने रोजची मजुरी 232 रुपयांवरून 301 रुपयांवर गेली. पुढल्या वर्षी डाव्या आघाडीने जागा राखली, पण अवघ्या 5,782 मतांनी. अण्णा द्रमुकच्या उमेदवाराला याहून अधिक मते पडली होती. हा इशाराच होता.

2021 मध्ये मार्क्सवादी पक्षाचे ए. राजा 7,848 मतांनी निवडून आले. मार्च 2023 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. ते केरळातील अनुसूचित जातीचे ठरत नाहीत, असा निष्कर्ष होता. कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता काय आणि 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाआधी ते केरळात स्थायिक झाले होते काय, यांवर वाद झाला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला व निवड वैध ठरविली. तमिळनाडूतून मळ्यात आलेल्या आजी-आजोबांच्या वास्तव्याचा पुरावा नातवाला न्यायालयात द्यावा लागला!

आणि लायम? नोकरी संपली आणि घरातील दुसरे कोणी मळ्यावर नसेल, तर खोली सोडावी लागते. ऑगस्ट 2020 मध्ये पेट्टिमुडी येथे दरड कोसळून मळेकामगारांच्या अशाच रांगा गाडल्या गेल्या आणि 70 माणसे गेली. मतदारयादीत ज्याचे नाव पक्के आहे, त्याच्या पायाखालची जमीन आणि डोक्यावरचे छप्पर मात्र पक्के नाही.

कॉम्रेड्स, देवीकुळमचा खरा निकाल मतमोजणीच्या टेबलावर लागत नाही. पाने खुडून म्हातारी झालेली बाई कामावरून उतरल्यानंतर कोणत्या घरात राहणार, याचे उत्तर जो देईल, त्याच्याकडे मळा वळेल. 1958 च्या स्मृतीवर तिचे मत कायमचे गृहीत धरता येत नाही. रस्त्यावर बसून तिने ते सर्वांनाच बजावले आहे.