वेल उपटू नका



आज आम्ही तुमच्याशी परसबागेविषयी चार शब्द बोलणार आहोत. परसबाग म्हटली की आपल्या लातूर भागातली माणसे लगेच विचारतात, "प्यायला पाणी नाही, अन् बागेला कुठलं आणायचं?"

प्रश्न खरा आहे. सन 2016 चा उन्हाळा कोण विसरेल? मांजरा धरण कोरडे पडले. लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. 12 एप्रिलला पहिली गाडी आली. तिच्यात सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. 15 लिटरची बादली धरली, तर ह्या झाल्या 33 हजारांवर बादल्या! ज्यांनी हे पाहिले, त्यांना पाण्याची किंमत सांगायला नको.

म्हणून आम्ही म्हणतो, बागेसाठी वेगळे पाणी शेंदू नका. घरात एकदा वापरलेले पाणी बागेला द्या. तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी आपण मोरीतून रस्त्यावर सोडतो. तिथे चिखल होतो, डास होतात. तेच पाणी वेलाच्या आळ्यात घाला. साबणाचे पाणी केळीला, कर्दळीला द्या. कोथिंबिरीसारख्या कच्च्या खायच्या भाजीवर मात्र सांडपाणी घालू नका.

आणखी एक युक्ती बघा. वेलाच्या बुडाजवळ मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा. त्यात पाणी भरा, वर झाकण ठेवा. मडके हळूहळू पाझरते आणि मुळांना ओल मिळते. आळ्यात सोयाबीनचा भुसा पसरा. आपली काळी जमीन उन्हात भेगाळते. भुशाचे पांघरूण घातले की ओल टिकते.

आता बागेतली गंमत ऐका. लाल भोपळ्याचा वेल मांडवावर चढतो. पिवळी फुले येतात आणि गळून पडतात. फळ काही धरत नाही. मग घरातले कोणी म्हणते, "वेल वांझ निघाला, उपटून टाका."

मंडळी, उपटू नका! भोपळ्याला नर आणि मादी अशी दोन जातींची फुले येतात. बहुधा नरफुले आधी येतात. ती गळणारच. काही दिवस थांबा. मग एखाद्या फुलाच्या खाली इवलासा भोपळा दिसेल. ते मादीफूल. नरफुलातला पिवळा पराग तिथे पोचला, तरच फळ वाढते. हे काम मधमाश्या करतात. म्हणून फुलांवर विषारी औषध मारू नये.

मधमाश्या दिसत नसतील, तर ते काम आपण करावे. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटते. तेव्हा सकाळी लवकर एक नरफूल तोडा. पाकळ्या काढा. मधला दांडा मादीफुलाच्या मध्यभागी अलगद टेकवा. फळ धरले, तर चार-आठ दिवसांत ते फुगलेले दिसेल. पोराबाळांना हे काम द्या. रोज सकाळी उठून ती आधी वेलाकडे धावतील! दोडक्याचे फूल मात्र संध्याकाळी उमलते. म्हणजे पाहणाऱ्याला दोन्ही वेळा मौज.

कढीपत्त्यावर कधी पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसतो. नीट बघा, तो सुरवंट असतो. मोठा झाला की हिरवा होतो. चार पाने खाईल, पण पुढे त्याचेच सुंदर फुलपाखरू होते.

उन्हाळ्यात पाणी फारच आटले, तर वेलांचा मोह सोडा. माणसे आणि गुरे आधी. पण दारात एक शेवगा असू द्या. मनगटाएवढी फांदी पावसाळ्याच्या तोंडी लावली, तरी ती फुटते. एकदा मूळ धरले की झाड थोड्या पाण्यावर तग धरते. शेंगा तर खाताच. कोवळ्या पाल्याचीही भाजी होते.

पहिला चांगला भोपळा बियांसाठी राखा. बिया सुकवून राखेत ठेवा. मूठभर शेजारणीला द्या. आणि देताना तिला एवढे जरूर सांगा: पहिली फुले गळली, तरी वेल उपटू नको, बाई!