फळा कोण पुसणार?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



प्रत्येकाने आपल्या कामातलं काहीतरी सांगायचं असं ठरलंय. मी माझी एक चूक सांगतो.

संगणकाची मेमरी म्हणजे आपल्या वर्गातला फळा समजा. सी भाषेत फळा आपला आपणच पुसायचा. विसरलात तर जागा संपते. घाई केलीत तर मागच्या बाकावरच्याचं गणित अर्धंच राहतं. (बाई हसताहेत, कारण ते गणित माझंच असायचं.) जावा, गो अशा भाषांत पुसायला वेगळा माणूस ठेवलेला असतो, गार्बेज कलेक्टर. कशाची गरज उरली नाही ते तो शोधतो आणि तेवढंच पुसतो.

काही वर्षांपूर्वी एका लहान यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहायचा होता. मेमरी जेमतेम ६४ एमबी. मी गो निवडली. टीममधल्या एका नवीन मुलीने शंका काढली. मी म्हटलं, "अगं, गोचाही सीसारखा थेट मशीन कोड होतो. मग हळू कशी चालेल?" विषय संपला.

यंत्रावर प्रोग्रॅम सारखा अडखळू लागला. मशीन कोडमुळे लिहिणारा हात भरभर चालतो, पण पुसायचं काम कुठे जातं? गोचा कलेक्टर २०१५ पासून बरंचसं काम प्रोग्रॅम चालू असतानाच उरकतो, हे खरं. प्रोसेसरचा वेळ मात्र खातोच. आणि फळा लहान, म्हणजे त्याच्या फेऱ्या जास्त.

हर्ट्झ आणि बर्गर या दोघांनी २००५ मध्येच जावाच्या प्रोग्रॅमवर हे मोजलं होतं. गरजेच्या पाचपट मेमरी दिली तर कलेक्टर हाताने पुसण्याच्या बरोबरीला येतो. तिप्पट दिली तर सरासरी १७ टक्के मागे, दुप्पटच दिली तर जवळजवळ ७० टक्के. माझ्या वाचनात ते आलं नव्हतं, आणि त्या मुलीला मी बोलू दिलं नव्हतं.

शेवटी सगळं सीमध्ये लिहिलं. अडखळणं थांबलं, पण सोडून दिलेली जागा पुन्हा वापरल्याची एक चूक तीन आठवडे सापडेना. सापडली तीही तिलाच. सर्व्हरसाठी मी आजही गोच घेतो, तिथे मेमरीला तोटा नसतो. लहान यंत्र असलं की आधी फळा केवढा ते विचारतो.

तिची माफी मी मागितली. मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर.