दुग्धाम्ल आणि स्मृती
(स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घरांत इतकी रुळली आहे, की वृद्धांच्या विस्मृतीस रोग मानावयास आपण सहसा तयार नसतो. आज आम्ही ज्या द्रव्याविषयी बोलणार आहोत, त्याचीही अशीच दीर्घकाळ उपेक्षा झाली.

१७८० साली स्वीडनमधील शेले या रसायनशास्त्रज्ञाने आंबलेल्या दुधातून दुग्धाम्ल वेगळे केले. पुढे ते श्रमलेल्या स्नायूंतही सापडले आणि थकव्यास कारण होणारा टाकाऊ अंश ठरले. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील जॉर्ज ब्रुक्स यांनी निराळे चित्र मांडले. या अम्लाचे शरीरातील रूप, म्हणजे लॅक्टेट, एक पेशी निर्माण करते व दुसरी इंधन म्हणून वापरते.

मेंदूचे वजन शरीराच्या शेकडा २. शक्तीचा खर्च मात्र शेकडा २०. मेंदूतील ताराकृती पेशी साखरेपासून लॅक्टेट करून मज्जापेशींस पुरवितात, असा सिद्धांत पेलेरिन व माजिस्ट्रेटी यांनी १९९४ साली मांडला. त्याच्या व्याप्तीविषयी विद्वानांत अद्याप वाद आहे. तथापि २०११ च्या प्रयोगात हा पुरवठा रोखताच उंदरांची नवी आठवण टिकेना; लॅक्टेट देताच ती टिकू लागली. लॅक्टेट निरोप्याचेही काम करते. व्यायामाने रक्तात वाढलेले लॅक्टेट मेंदूत पोचून मज्जापेशींस पोषक असे प्रथिन वाढविते, असे २०१९ साली उंदरांत दिसले. २०२४ साली अल्झायमर रोगाच्या उंदरांत ताराकृती पेशींची लॅक्टेटनिर्मिती पूर्ववत् होताच स्मृती सुधारली.

परंतु प्रमाण सुटले की पोषकही मारक होते. याच रोगात मेंदूच्या रक्षक पेशींतील लॅक्टेटचा अतिरेक दाह वाढवितो, असे २०२२ च्या संशोधनात आढळले. म्हणून लॅक्टेटची गोळी कोणी विकू लागल्यास तिला भुलू नये. मनुष्याच्या विस्मृतीवर असे औषध सिद्ध झालेले नाही.

मग आपल्या हाती काय? ‘तुम्ही बसा, आम्ही आणतो’ असे आपण वडीलधाऱ्यांस प्रेमाने म्हणतो आणि त्यांचे चालणे थांबवितो. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली, त्यांत शारीरिक निष्क्रियता आहे, बहिरेपणाही आहे. तेव्हा प्रकृती मानवेल तितके त्यांना बाजारापर्यंत चालू द्यावे, ऐकू कमी येत असल्यास कान तपासून घ्यावेत आणि विस्मृती वाढताच, म्हणीचा आधार न घेता, वैद्याचा सल्ला घ्यावा.