यांत्रिक उंदीर आणि समाजमंदिराची किल्ली

चक्रव्यूहातून स्वतःची वाट स्वतः शोधणारे यांत्रिक उंदीर हौशी विद्यार्थी घरी बनवितात. पवईच्या आयआयटीतील ‘टेकफेस्ट’मध्ये अशा उंदरांच्या स्पर्धा झालेल्या आहेत. न्यूयॉर्क येथे १९७९ साली झालेल्या स्पर्धेत केवळ भिंतीच्या कडेने पळणारा, स्मरणशून्य उंदीर सर्वांत वेगवान ठरला. म्हणून पुढे लक्ष्य मध्यभागी नेण्यात आले. तेथे निव्वळ भिंत धरून पोहोचता येत नाही. आता उंदीर लक्ष्याच्या घरास शून्य, शेजारच्यास एक, असे आकडे स्मृतीत मांडतो. अवरक्त किरणांनी नवी भिंत आढळली की आकडे पुन्हा मांडतो आणि उतरत्या आकड्यांच्या मागाने जातो. पाणी उतारास लागावे तसा.

अडचण बुद्धीची नाही, जागेची आहे. १८ सेंटिमीटरची २५६ घरे म्हणजे २.८८ मीटरचा चौरस. फाळणीनंतर निर्वासितांना मिळालेल्या उल्हासनगरच्या बराकीतील एखाद्या खोलीत तो मांडला, तर घरच्यांनी निजावे कोठे? अंबरनाथ-बदलापूरच्या शाळांत सभागृहे आहेत, भोवतालच्या गावांत समाजमंदिरे आहेत. पाच सेंटिमीटर उंचीच्या फळ्या सुट्या करून कपाटातही ठेवता येतात. शिक्षकांनी शनिवारच्या सायंकाळपुरती किल्ली मागावी आणि पंचांनी ती विनाविलंब द्यावी.